जुन्या औषधाला चांदीची धार



आठवीच्या जीवशास्त्रात सूक्ष्मजीवांचा पाठ आहे. प्रतिजैविके, म्हणजे आपण ज्यांना अँटिबायोटिक म्हणतो ती औषधे, जिवाणूंना कशी मारतात हे त्यात येते. पण औषध देऊनही जिवाणू मेले नाहीत तर काय, या प्रश्नाला तासात वेळ पुरत नाही. म्हणून या अंकात आम्ही तोच विषय घेत आहोत. त्यात पुण्याच्या प्रयोगशाळा आहेत, चांदी आहे, आणि आपल्या रानात उगवणारा एक कंदही आहे. पालकांनीही हा लेख वाचावा, कारण त्यातला बराचसा भाग घरातल्या औषधांच्या डब्याशी संबंधित आहे.

आधी थोडा इतिहास. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली लंडनमध्ये पेनिसिलीनचा शोध लागला. आपल्या देशात पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. आज आजी-आजोबांच्या वयात असलेल्या कित्येकांचा जीव लहानपणी या औषधाने वाचला असेल. मात्र १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना फ्लेमिंग यांनीच एक इशारा दिला होता. औषध अपुऱ्या मात्रेत घेतले तर जिवाणू मरणार नाहीत, उलट त्याला सरावतील, असे त्यांचे म्हणणे होते. औषध नवे असताना ही गोष्ट कोणी फारशी मनावर घेतली नाही.

जिवाणू सरावतो म्हणजे नेमके काय होते? पालकहो, हे समजायला आपले कापसाचे शेत पुरेसे आहे. २००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. या झाडातच बोंडअळीला मारणारे द्रव्य असते. सुरुवातीची वर्षे फवारण्या कमी झाल्या आणि सगळे खूश होते. बियाण्याच्या पाकिटाबरोबर बिगर-बीटी बियाण्याची एक छोटी पुडी येत असे. ती शेताच्या कडेने पेरायची होती. त्या झाडांवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचा सरावलेल्या अळ्यांशी संकर होत राहावा आणि सरावलेल्यांचे वेगळे कूळ वाढू नये, असा त्यामागचा हिशेब होता. बहुतेकांनी ती पुडी फेकून दिली. द्रव्य सहन करणाऱ्या मोजक्या अळ्या उरल्या आणि त्यांचीच संतती वाढली. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भात काय केले ते यवतमाळकडच्या आपल्या सोयऱ्यांना विचारा. अळीने कोणाकडून काही शिकून घेतले नव्हते. ज्या आधीपासूनच तग धरणाऱ्या होत्या, त्यांच्यासाठी आपणच शेत मोकळे करून दिले.

जिवाणूंचेही तसेच आहे, फक्त वेग फार मोठा. अनुकूल परिस्थितीत काही जिवाणू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. रात्री दहाला एक असेल तर सकाळी सहापर्यंत चोवीस वेळा दुप्पट होऊन १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ होतात. (दहावीच्या मुलांनी दोनाचा चोविसावा घात काढून खात्री करावी.) इतक्या मोठ्या संख्येत एखादा वेगळा निघणारच. कोणी औषध तोडणारे विकर तयार करतो, कोणी आत आलेले औषध पंपाने पाणी उपसावे तसे बाहेर फेकतो, तर कोणी औषध जिथे चिकटते ती जागाच बदलून टाकतो. त्यात एक गोष्ट अळीकडे नसलेली: जिवाणू ही विद्या शेजाऱ्याला देऊ शकतो. प्लाझ्मिड नावाची डीएनएची छोटी कडी एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाते, आणि दोघे एकाच जातीचे असलेच पाहिजेत असेही नाही. आमच्या लहानपणी एकाची वही वर्गभर फिरायची, तसेच हे.

हे सारे दूरदेशीचे नाही. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे सुमारे नव्वद औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र होते. तेथून बाहेर पडणाऱ्या पाण्याची तपासणी करून स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००७ साली अहवाल प्रसिद्ध केला. त्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक एका लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. म्हणजे सोळा लिटरच्या बादलीत ५०० मिलिग्रॅमची एक गोळी विरघळवावी तितके! नाल्यातल्या जिवाणूंना रात्रंदिवस औषधाची तालीम मिळाली तर त्यांतले पहिलवान तयार होणारच. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज २०२२ साली प्रसिद्ध झाला.

आता चांदीकडे येऊ. प्रतिजैविक बहुधा जिवाणूच्या एखाद्याच कामावर घाव घालते. धातू एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतो. चांदीचे पैंजण वापरता वापरता काळे पडतात हे मुलींना माहीत आहे. हवेतील आणि घामातील गंधकाशी चांदीचा संयोग होतो म्हणून ते काळे पडतात. जिवाणूच्या प्रथिनांतही गंधक असते. चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, या गंधकाला चिकटतात आणि प्रथिने निकामी करतात. शिवाय जिवाणूचे आवरण फाटते, त्याच्या श्वसनात बिघाड होतो, डीएनएच्या कामात अडथळा येतो. एक कुलूप बदलून येथे त्याचे भागत नाही.

मागे नववीच्या वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, मग चांदीच्या वाटीत पाणी ठेवले की झाले ना?" प्रश्न चांगला होता. वाटीतून आयन सुटतात, पण फार थोडे, कारण पाण्याला फक्त वाटीचा वरचा थर भेटतो. आतली सारी चांदी बसून असते. तिला कामाला लावायचे तर तिचे तुकडे करावे लागतात.

एक सेंटिमीटर बाजूचा चांदीचा घन घ्या. वजन साधारण साडेदहा ग्रॅम, म्हणजे तोळाभर. त्याचे सहा पृष्ठभाग मिळून क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर. आता त्याचे १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले अशी कल्पना करा. चांदी तेवढीच, पण सर्व तुकड्यांचे मिळून क्षेत्रफळ होते ६०० चौरस मीटर. कबड्डीचे मैदान १३ मीटर बाय १० मीटर असते, म्हणजे तोळाभर चांदी साडेचार मैदानांवर पसरली! नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. मराठी विज्ञानलेखक या शास्त्राला अब्जांश तंत्रज्ञान म्हणतात. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाल्याने आमच्या तोंडी 'नैनो' बसलेले आहे, मुले 'नॅनो' म्हणतात. पण अब्जांश या शब्दात माप स्वच्छ दिसते, म्हणून तो आम्हाला अधिक आवडतो. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू सुमारे २००० नॅनोमीटर लांब असतो. त्याच्या लांबीत १० नॅनोमीटरचे दोनशे कण एका ओळीत बसतील.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. किशोर पाकणीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कणांवर बरीच वर्षे काम केले. ही संस्था १९४६ सालची असून वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचे नाव तिला दिलेले आहे. भाजलेल्या जखमेवर लावायचे पांढरे मलम पुष्कळांच्या घरी आलेले असेल. त्यात बहुधा सिल्व्हर सल्फाडायझिन असते, म्हणजे चांदीच. थंडीत आपल्या जिल्ह्यात शेकोटीशिवाय भागत नाही, तेव्हा भाजणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. भाजलेल्या जागी त्वचेचा पहारा नसतो आणि जंतू सरळ आत शिरतात. पाकणीकरांच्या गटाने ७ ते २० नॅनोमीटर आकाराचे चांदीचे कण घालून एक जेल तयार केले आणि २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाजारातल्या मलमाच्या तिसाव्या हिश्श्याइतकी चांदी असूनही जंतूंवरचा परिणाम त्याच्या तोडीचा होता. चांदी कमी म्हणजे शरीरात जाणारा धातूही कमी, हा त्यातला मोठा लाभ.

दुसरे काम पुणे विद्यापीठातले. तेथील डॉ. बाळू चोपडे यांचा अभ्यास असिनेटोबॅक्टर या जिवाणूचा. (ते पुढे २०१४ साली औरंगाबादच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले.) हा जिवाणू दवाखान्यांची डोकेदुखी आहे. कोरड्या पृष्ठभागावर तो कित्येक दिवस तग धरतो, अतिदक्षता विभागातल्या अशक्त रुग्णांना गाठतो आणि अनेक औषधांना दाद देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली ज्यांच्यावर नवी औषधे तातडीने हवीत अशा जिवाणूंची यादी केली, तिच्या सर्वांत वरच्या गटात तो आहे.

या गटाने चांदीचे कण करण्यासाठी कडू करांद्याचा अर्क वापरला. डुक्करकंद म्हणूनही तो ओळखला जातो. वेलीवर पानांच्या बगलेत बटाट्यासारख्या गाठी लागतात, तोच हा. रानकंदांची पारख असलेली जाणती मंडळी आपल्याकडे आहेत. त्यांना तो नक्की ठाऊक असेल. (कच्चा खाऊ नये, बाधतो.) चांदीच्या क्षाराच्या द्रावणात हा अर्क घातला की अर्कातील द्रव्ये आयनांचे रूपांतर चांदीच्या कणांत करतात आणि कणांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. कण तयार व्हायला पाच तास पुरले.

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातला खरा भाग पुढे आहे. त्यांनी हे कण एकटे वापरून पाहिलेच, पण जुन्या प्रतिजैविकांबरोबर जोडूनही पाहिले. जिवाणू वाढवलेल्या काचेच्या बशीत औषधाची चकती ठेवतात. औषध चालले तर चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसते, तिथले जिवाणू मेलेले असतात. अनेक औषधांना न जुमानणाऱ्या असिनेटोबॅक्टरवर पिपरासिलिनबरोबर चांदीचे कण दिले तेव्हा परिणाम ३.६ पटींनी वाढला. एरिथ्रोमायसिनबरोबर ३ पटींनी. बोथट झालेल्या विळ्याला पुन्हा धार लागावी तसे हे झाले. नवे प्रतिजैविक शोधून बाजारात आणायला दहा-पंधरा वर्षे आणि प्रचंड पैसा लागतो. हाती असलेले औषध पुन्हा चालू लागले, तर गरीब रुग्णाचा त्यात केवढा फायदा आहे! आमच्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत आशेची जागा हीच. अर्थात काचेची बशी वेगळी आणि माणूस वेगळा. बशीतून रुग्णाच्या पलंगापर्यंतचा रस्ता लांब असतो आणि त्यावर बऱ्याच गोष्टी गळतात, हेही मुलांनी लक्षात ठेवावे.

हे वाचून कोणाला वाटेल, चला, चांदी आली, आता काळजी मिटली. येथे आम्हाला थांबवावेसे वाटते. याच डॉ. चोपडे यांनी एका सहकारी संशोधकासह १९९४ सालीच दाखवून दिले होते, की असिनेटोबॅक्टरमध्ये चांदी सहन करण्याची क्षमता असू शकते आणि ती प्लाझ्मिडवर असते, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. त्याआधी १९७५ साली अमेरिकेत बोस्टनच्या एका रुग्णालयात, भाजलेल्या रुग्णांच्या विभागात, चांदीला न जुमानणारा साल्मोनेला जिवाणू सापडला होता. तेथे जखमांवर चांदीच्या क्षाराचे द्रावण वापरत असत. पुढे त्या जिवाणूतील जनुके ओळखणाऱ्या शास्त्रज्ञाचे आडनावही सिल्व्हर, हा एक गमतीचा योगायोग. अगदी अलीकडे, २०१८ साली, चेक शास्त्रज्ञांना आढळले की ई. कोलायला चांदीचे नॅनोकण पुन्हा पुन्हा दिले तर तो शेपटीतले एक प्रथिन जास्त सोडू लागतो. त्यामुळे कणांच्या गुठळ्या होतात, आणि गुठळी झाली की कबड्डीच्या साडेचार मैदानांचे पुन्हा अंगण होते. डाळिंबाच्या सालीच्या अर्काने ते प्रथिन रोखता आले, असेही त्यांनी नोंदवले आहे. आजीच्या बटव्यातली साल युरोपच्या प्रयोगशाळेत पोचलेली पाहून आम्हाला बरे वाटले.

तात्पर्य सांगण्यापेक्षा बाजाराकडे पाहू. आज मोज्यांवर, डब्यांवर, फ्रिजवर 'नॅनो सिल्व्हर' लिहिलेले असते. मोज्याचा वास जावा म्हणून चांदी वापरायची, ती धुण्याच्या पाण्यातून नाल्यात जायची आणि तेथल्या जिवाणूंनी तिच्यावर तालीम करायची, हे पाटणचेरूचेच छोटे रूप आहे. भाजलेल्या लेकराच्या जखमेसाठी जी वस्तू राखून ठेवायला हवी ती मोज्यात कशाला? यावर आमचे मत कडक आहे आणि ते आम्ही लपवत नाही. 'चांदीचे पाणी' म्हणून बाटलीत विकतात तेही कोणी पिऊ नये. चांदी शरीरात साठत गेली तर त्वचा निळसर करडी होते आणि तो रंग बहुधा जात नाही.

विश्वस्त मंडळापुढे शाळेसाठी पाण्याच्या फिल्टरचा प्रस्ताव आहे आणि आलेल्या एका पत्रकावर चांदीच्या कणांचा उल्लेख आहे. पाण्यासाठी चांदीचा उपयोग आम्ही मोज्यासारखा वायफळ समजत नाही. पुण्याच्या टाटा संशोधन केंद्रात तांदळाच्या तुसाच्या राखेपासून फिल्टर करण्याचे काम झाले. त्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवून विजेशिवाय चालणारा 'टाटा स्वच्छ' डिसेंबर २००९ मध्ये बाजारात आला होता. हैदराबादच्या एआरसीआय या सरकारी संस्थेनेही चांदीचे नॅनोकण बसवलेली चिनी मातीची फिल्टर-कांडी तयार केली आहे. तेव्हा नाव ऐकूनच नकार देण्याचे कारण नाही. पण खरेदीपूर्वी विक्रेत्याला विचारावे, की पाण्यात चांदी किती उतरते? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे ती लिटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये. कांडी किती लिटरनंतर बदलायची आणि तिची किंमत काय, हेही लेखी घ्यावे. फिल्टर स्वस्त आणि कांडी महाग असा व्यवहार पुष्कळ ठिकाणी दिसतो. आणि चांदीने फ्लोराइड निघत नाही, तसा दावा कोणी केला तर त्याचा प्रयोगशाळेचा दाखला मागावा. टाकी धुण्याचे काम कोणताही फिल्टर करणार नाही. ते आपल्यालाच करायचे आहे.

तांब्याचे काय, असे आज्या विचारतील. पाणी प्यायच्या भांड्याला आपण 'तांब्या' म्हणतो, मग तो स्टीलचा असला तरी. बंगळूरच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुलाबाचे जंतू मुद्दाम मिसळलेले पाणी तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवले, तेव्हा ते जंतू वाढवून पाहता एकही उगवला नाही, आणि पाण्यात उतरलेले तांबे सुरक्षित मर्यादेच्या बरेच आत होते. रात्री भरून सकाळी प्यायची जुनी रीत या हिशेबात बरोबर बसते. मात्र भांडे आतून घासलेले हवे. कल्हई केलेल्या भांड्यात पाण्याला तांबे भेटतच नाही, कथील भेटते. ताक आणि लिंबूपाणी तांब्यात ठेवू नये.

शेवटी औषधांचा डबा. आपल्याकडे ताप आला की आर. एम. पी. कडे जाऊन "सुई द्या, पॉवरची गोळी द्या" म्हणायची पद्धत आहे. सर्दी, फ्लू, बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते आणि विषाणूवर प्रतिजैविकाचा काही उपयोग नाही. दोन दिवसांत बरे वाटले की उरलेल्या गोळ्या डब्यात, आणि पुढच्या महिन्यात धाकट्याला खोकला झाला की त्याच अर्ध्या करून द्यायच्या. फ्लेमिंग यांना जी भीती वाटत होती ती हीच. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. त्यांनी सांगितले तितके दिवस घ्यायचे, मधेच आपल्या मनाने सोडायचे नाही, आणि शेजारणीला द्यायचे नाही. मार्च २०१४ पासून काही महत्त्वाच्या प्रतिजैविकांसाठी औषध दुकानदाराने रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वहीत लिहून ठेवावे असा नियम आहे. दुकानात नाव विचारले तर पालकांनी रागावू नये. कोंबड्या-जनावरांनाही ही औषधे सहज दिली जातात. कोलिस्टिन हे अखेरच्या फळीतले औषध पशुपालनात वापरण्यावर सरकारने २०१९ साली बंदी घातली, ती याच कारणाने. चांदीचे कण पिपरासिलिनला धार लावतील, पण धार लावायला विळा शिल्लक असावा लागतो.

आठवी ते दहावीसाठी स्वाध्याय: (१) वर दिलेल्या चांदीच्या घनाचे १० ऐवजी १०० नॅनोमीटरचे तुकडे केले तर एकूण क्षेत्रफळ किती? (२) रुग्णाच्या शरीरात एक कोटी जिवाणू आहेत. औषधाने हजारातले नऊशे नव्याण्णव मेले, रुग्णाला बरे वाटले आणि त्याने औषध सोडले. उरलेले दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात असे मानले, तर पुन्हा एक कोटी व्हायला किती वेळ लागेल? (३) घरातल्या मोठ्यांसमोर औषधांचा डबा उघडून लाल रेघ असलेली किती अर्धवट पाकिटे निघतात ते मोजा. नावे लिहू नका, फक्त संख्या लिहा. उत्तरे शनिवारपर्यंत विज्ञानाच्या शिक्षकांकडे द्यावीत. तिसऱ्या प्रश्नाची वर्गवार बेरीज पुढच्या अंकात छापू.